सात किलोंच्या आत

बंगळूर
२० जानेवारी २०२३

चि. वसुंधरा,

आशीर्वाद. पाकिटावर तुझ्या नावाआधी मी गं. भा. लिहिलेलं नाही. माझा भाऊ दीनानाथ गेला हे पोस्टमनला कळवायची काही गरज नाही.

नयना म्हणते, "आत्या, आता पत्र कोण लिहितं, मी व्हिडिओ लावून देते." परवा लावला होता ना. मला ऐकू काही येत नाही, आणि तू फोन असा धरतेस की आपल्या घराचं छत तेवढं दिसतं. छताला जळमटं आहेत. काढ.

तुझा लेक आणि सून माझी फार बडदास्त ठेवतात. पोटाचं दुखणं डॉक्टर बघताहेत, गोळ्या चालू आहेत. काळजीचं कारण नाही.

आता कामाचं. मला खमणला एकदा बघायचं आहे. त्याला घेऊन ये. हेरंबच्या धाकटीला केसाळ जनावराने धाप लागते, म्हणून घरी उतरता येणार नाही, पण इथून जवळ कुत्री चालतात असं एक हॉटेल आहे. अहमदाबादेहून एक विमान लहान कुत्र्याला माणसांबरोबर बसू देतं. अट एकच, पिशवीसकट सात किलोंच्या आत. आगगाडीने आणू नकोस. तिथे त्याला गार्डाच्या डब्यात पिंजऱ्यात टाकतात. दीनानाथने त्याला नंदेसरीहून स्वेटरच्या आत घालून आणला होता, मी रिटायर झाले त्या दिवशी. त्याने स्वेटरात आणलेलं पिल्लू पिंजऱ्यातून आलेलं मला चालणार नाही.

आणि घराचं कोण बघणार, असं लिहू नकोस. दिवाळीनंतर मी इथे यायला निघाले तेव्हा तू तेच म्हणालीस. घर पळून जात नाही.

स्नेहलता


घडियाळी पोळ, बडोदे
२९ जानेवारी २०२३

ती. वन्संना वसुंधराचा नमस्कार.

जळमटं काढली.

तुमचं पत्र आलं तेव्हा खमण तुमच्या खोलीच्या उंबऱ्यावर होता. तुम्ही गेल्यापासून तो तिथेच बसतो. आत जात नाही. मी दार उघडं ठेवते, तरी जात नाही. संध्याकाळी यांच्या खुर्चीखाली एकदा जाऊन हुंगून येतो, आणि परत उंबरा. आम्ही दोघं घरात आहोत, पण दोघंही कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी. यांची बघून उपयोग नाही हे मला कळतं, त्याला कळत नसावं.

हेरंबने पिशवी पाठवली, जाळीची, चेन असलेली. विमान कंपनीचे नियमही पाठवले. मी ते भाजी निवडता निवडता वाचून काढले. डभोईच्या शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, पुढचं तुम्ही घरात टाकलेल्या पुस्तकांवर शिकले, पण असं रुक्ष लिखाण तुमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला मिळाला. सुई टोचून झाली. डॉक्टर म्हणाले, भाई जरा भरलाय. मी म्हटलं, थंडीचे केस आहेत.

रोज दुपारी त्याला पिशवीत घालून मांडीवर घेते आणि झोपाळ्यावर बसते. विमान हलतं म्हणतात, तर सवय असावी. पद्माबेन समोरच्या ओट्यावरून बघते आणि हसते. "वसुबेन, तुम्ही पण कधी बसला नाही विमानात. तुम्हाला कोण सवय करून देणार?"

पुढच्या आठवड्याचं तिकीट हेरंब काढतो आहे. घराचं कोण बघणार, हे लिहिलेलं नाही.

वसुंधरा


बडोदे
१४ फेब्रुवारी २०२३

ती. वन्सं,

मी बंगळुरात नाही, घरी आहे, हे तुम्हाला हेरंबने सांगितलंच असेल. तो तुम्हाला गोड करून सांगतो. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

विमान सकाळचं, म्हणून आदल्या दिवशीच अहमदाबादला गेलो आणि विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलो. काउंटरवरच्या माणसाने पिशवीकडे बघून विचारलं, "मासी, आमां शुं छे?" माझ्या तोंडून निघालं, खमण. तो म्हणाला, "बहारनुं खावानुं नहीं चाले." तेवढ्यात पिशवी भुंकली. मग त्याने मालकाला बोलावलं, मालकाने आणखी कोणाला फोन केला, आणि शेवटी आम्हाला जिन्याखालची खोली मिळाली. गादीवर चढायचं नाही या अटीवर. खमणने अट पाळली. मी त्याच्याबरोबर खाली चटईवर निजले. नवीन जागी त्याला थरथर सुटते, तुम्हाला माहीत आहे.

विमानतळावर एका गोड मुलीने पिशवी काट्यावर ठेवली. आठ किलोंच्या वर. मी त्याचं पांघरूण काढलं, पाण्याची वाटी काढली. तरी आठच.

"आंटी, सात से ज़्यादा नहीं जा सकता."

"इसका बाल बहुत है, बेटा."

"बाल का भी वज़न होता है, आंटी."

मागचा माणूस म्हणाला, "मांजी, लाइन अटकी छे." सामानात टाकून नेता येईल असं ती मुलगी म्हणत होती, पण ते म्हणजे पुन्हा पिंजराच. मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. बाहेर बाकड्यावर बसल्यावर खमणने माझा अंगठा चाटला. त्याला वाटलं, फिरायला आणलंय.

दोष माझा आहे. पण नुसता माझा नाही. तुम्ही घरात होतात तोवर शेवटची पोळी घेऊन कोणी दाराशी यायची छाती नव्हती. तुम्ही दारातूनच "नहीं" म्हणायचात. तुम्ही गेलात, आणि आपल्या ओळीतल्या सगळ्या घरांची शेवटची रोटली खमणच्या ताटलीत पडायला लागली. पहिली गाईची, शेवटची कुत्र्याची, हे या बायका चुकवत नाहीत. आणि ओळीत कुत्रं एकच. जी ती म्हणते, "एक ज छे ने, बेन." त्यावर तूप. कोणाचं पुण्य मी कशी परत पाठवू? मला ते जमलं नाही.

आता काय करू ते कळवा. मी म्हणाल तसं करीन.

वसुंधरा


बंगळूर
२२ फेब्रुवारी २०२३

चि. वसुंधरा,

पत्र वाचून हसले. पोटात दुखेपर्यंत हसले, त्याला आता फार लागत नाही म्हणा.

तुला लग्न झाल्यापासून कोणाला नाही म्हणता आलं नाही. एक मला तेवढं म्हणायचीस. चहा ठेवू का, विचारलं की नाही. बाजारात येतेस का, नाही. दीनानाथ म्हणायचा, "ताई, तू हुकूम सोडतेस, म्हणून ती नाही म्हणते." असेल.

आता त्याचं वजन उतरव. पोळी बंद. सकाळी उकडलेला दुधी आणि भात, संध्याकाळी मूठभर. फिरायला न्यायचं, दोनदा. घाई नाही. मी काही कुठे जात नाही. पाडव्याच्या सुमारास ये, थंडीही सरलेली असेल.

माझं अक्षर तुला वाकडं दिसेल. हाताला सुई लावून ठेवतात म्हणून. बाकी काही नाही.

दुपारी इथे फार शांत असतं. मला सगळीकडेच शांत असतं, पण इथे जास्त. तू वाचताना ओठ हलवतेस. मी तुला कितीदा टोकलं असेल, पहिलीतल्या मुलांसारखं वाचू नकोस म्हणून. कान गेल्यावर मी समोर बसून ते ओठ बघायची. पुष्कळदा पानच्या पान कळायचं. तुला सांगितलं नव्हतं.

खमणला घेऊन ये.

स्नेहलता


बडोदे
१९ मार्च २०२३

ती. वन्सं,

तुमचे नियम भिंतीवर चिकटवले आहेत. दर रविवारी खमणला लक्ष्मणभाईंच्या दुकानात, गुळाच्या काट्यावर, पिशवीसकट मोजते. लक्ष्मणभाई म्हणतात, "वसुबेन, आणखी एक वेळ आणलात तर भाव लावीन." पहिल्या रविवारी काटा हललाच नाही. दुसऱ्यांदा वाढला! मग चौकशी केली. मी दुपारी आडवी झाले की पद्माबेनची सासू खिडकीच्या गजांतून रोटली आत सरकवायची. विचारलं तर म्हणाली, "ए बिचारो मारी सामे जुए छे." बघतो तर बघतो. तुम्ही असतात तर तुम्ही परत त्याच्याकडे असं बघितलं असतं की तो दुसरीकडे बघायला लागला असता.

शेवटी मी एक केलं. सगळ्यांना सांगितलं की शेवटची रोटली माझ्याकडे द्या, मी तांदूळबाजाराकडच्या कुत्र्यांना घालून येते, पुण्य तुमचंच. आता संध्याकाळी डबा घेऊन मी आणि खमण निघतो. तो इतरांना खाताना बघतो. फार अपमान होतो त्याचा. पण चालणं होतं.

आज काटा सातच्या खाली गेला. किंचित, पण खाली. लक्ष्मणभाईंनी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला, त्याच्या नव्हे.

पद्माबेन मागच्या महिन्यापासून एकच सांगते आहे. "तमे जाओ ने. कुत्रा माझ्याकडे राहील. आजारी माणसाकडे माणसाने जायचं असतं." मी तिला म्हटलं, वन्संना कुत्रा बघायचा आहे, मला त्यांनी चाळीस वर्षं बघितलं आहे. तिने तोंड वाकडं केलं.

हेरंबला फोनवर विचारलं तर म्हणतो, "ठीक आहे, आई. तुझं तू ये सावकाश." म्हणून सावकाशच करते आहे. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीचं तिकीट मिळालं. केस थोडे कापून आणते, म्हणजे काट्याला बोलायला जागा राहणार नाही.

वसुंधरा


बंगळूर, हॉटेलातून
४ एप्रिल २०२३

ती. वन्सं,

हे पत्र हेरंब तुमच्या खाटेपर्यंत आणेल. एकाच गावात असून पत्र लिहावं लागतं आहे, पण काल तुमच्याजवळ बसले तेव्हा माझ्या तोंडून काही निघालं नाही. निघालं असतं तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं, आणि ओठ तर माझे थरथरत होते, त्यावरून काय वाचणार.

तुम्ही दवाखान्यात आहात हे मला विमानतळावर उतरल्यावर कळलं. हेरंब म्हणाला, आत्याने शपथ घातली होती. मी तुम्हाला ओळखलं ते केवळ कपाळावरून. बाकी काही पूर्वीचं राहिलं नाही. वन्सं, तुम्ही घाई नाही असं लिहिलंत.

विमानात खमण पायाशी पिशवीत होता. वर जाताना एकदा कण्हला, मग मी जाळीतून बोट घातलं, ते धरून झोपला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचा का?" मी म्हटलं, माझ्या नणंदेचा.

हॉटेल चांगलं आहे. खमणला वेगळी गादी दिली, वाटी दिली, त्याचं नाव पाटीवर लिहून दारावर लावलं. अहमदाबादच्या मालकाने बघायला हवं होतं. पण एक नियम आहे. कुत्र्याला खोलीत एकटं ठेवायचं नाही. काल तुमच्याकडून तासाभरात परतले त्याचं कारण हेच. तो रडून रडून खोली डोक्यावर घेत होता, शेजारच्या खोलीतल्यांनी तक्रार केली, आणि मॅनेजरचा फोन आला. नयना ऑफिसातून सुटली की येऊन त्याच्याजवळ बसते, तेव्हा मी सुटते. पण घरी जाऊन आंघोळ करून, कपडे बदलूनच तिला धाकटीला जवळ घेता येतं. तिला तरी रोज कसं म्हणू?

दवाखान्याच्या आत त्याला नेता येत नाही. हेरंबने डॉक्टरांना विचारलं आहे. परवा तुम्हाला चाकाच्या खुर्चीतून फाटकाशी आणतील. मी त्याला घेऊन उभी राहते. पिशवीत नाही, हातात. मग तुम्ही त्याला पोटभर बघा. तेवढ्यासाठीच सगळं केलं.

वसुंधरा


(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने)

वसुंधरा, त्याला कोणाकडेही ठेव. मी तुला बोलावलं होतं. नुसतं ये म्हटलं असतं तर म्हणाली असतीस, घराचं कोण बघणार. कुत्र्यासाठी आलीच असतीस, म्हणून त्याचं नाव घेतलं. तू ये. येऊन बस. पुस्तक आण.


बडोदे
२ मे २०२३

चि. हेरंब,

आशीर्वाद. आम्ही दोघं सुखरूप पोचलो. येताना कोणी वजन केलं नाही. काउंटरवरच्या मुलाने नुसतं बघितलं आणि चिठ्ठी बांधली. खमण हाडकला आहे.

तुला आत्याच्या त्या चार ओळींबद्दल काही बोलले नाही. तू तो कागद सकाळी हॉटेलात आणून दिलास आणि ऑफिसला गेलास. तुला वाटलं असेल, खुशालीचं काही असेल. मी वाचलं आणि खाली काउंटरवर गेले. तिथल्या मुलीला म्हटलं, याला धर, मी येते. ती म्हणाली, "रूल नहीं है, मैडम." मी खमणची दोरी तिच्या हातात दिली आणि बाहेर पडले. उभ्या जन्मात कोणाला असं केलं नव्हतं. इतकं सोपं होतं ते. पहिल्याच दिवशी करता आलं असतं. फेब्रुवारीत अहमदाबादेतही करता आलं असतं. पद्माबेनच्या ओट्यावर त्याला ठेवून, एकटीने, मी जानेवारीतच येऊ शकत होते.

मी पोचले तेव्हा डोळे मिटलेले होते. नर्स म्हणाली, पहाटेपासून तसंच. तुला फोन लावला, तू निघालास. तू येईपर्यंत मी वाचत बसले. पुस्तक घ्यायचं राहिलं होतं. पिशवीत विमान कंपनीच्या नियमांचे कागद होते तेच वाचले, ओठ हलवून, तिच्या तोंडासमोर. चेन बंद असावी, मान बाहेर येऊ नये, हे सगळं. तिने डोळे उघडले असते तर म्हणाली असती, यापेक्षा वर्तमानपत्र वाच. उघडले नाहीत.

तू तिने घातलेली शपथ पाळलीस, त्याबद्दल मला तुझ्यावर राग नाही. मी ज्या घरात चाळीस वर्षं काढली, तिथे मला माणूस काय म्हणतं आहे ते कळायला हवं होतं. ती हुकूम सोडायची आणि मी हुकूम तेवढा पाळायची. गुळाच्या काट्यावर कुत्रा मोजत बसले, आणि तिकडे तिचे दिवस चालले होते.

खमण आता उंबऱ्यावर बसत नाही. तिच्या खोलीत जाऊन खाटेखाली झोपतो. त्याला कसं कळलं, मला माहीत नाही. संध्याकाळी शेवटची रोटली घेऊन बायका पुन्हा येतात. मी घेते. वर तूपही घालते.

तुझी आई


बंगळूर
२३ जुलै २०२३

प्रिय आई,

फोनवर तू आधी जेवलास का विचारतेस, मग पाऊस, मग खमण, आणि बोलायचं राहून जातं. म्हणून आत्याची सवय उचलली.

इकडे सगळं ठीक. नयना धाकटीला घेऊन नाशिकला माहेरी गेली आहे, थोडे दिवस. शाळा चालू आहे, पण गेली आहे. मी घरूनच काम करतो. स्वयंपाक जमतो, काळजी करू नकोस.

एक काम होतं. तुझ्या हातचे मेथीचे लाडू कुरियरने पाठवशील का? घाई नाही. तुला सवड होईल तेव्हा.

हेरंब


बडोदे
२९ जुलै २०२३

चि. हेरंब,

मेथीचे लाडू तू जन्मात खाल्ले नाहीस. तुझ्या वाटचे तुझे बाबा खायचे, आणि तू खाल्लेस असं मला सांगायचे. मला ते माहीत होतं.

लाडू करत नाही. काय झालं तेही आत्ता विचारत नाही. आज दुपारची गाडी आहे, स्टेशनवर जाता जाता हे पत्र टाकते. तुझ्या हाती पडेल तेव्हा मी बहुधा तुझ्याच स्वयंपाकघरात असेन. पडेल तेव्हा ठेवून दे, वाचलं नाहीस तरी चालेल.

खमणला पद्माबेनच्या ओट्यावर सोडलं आहे. तिच्या सासूला सांगितलं, हव्या तेवढ्या रोटल्या घाला.

घराला कुलूप लावलं आहे.

तुझी आई